बोडीकडची बाजू

गणित शिकवणाऱ्या मंडळींनो, आज माझं जरा ऐका.

सकाळी पेटीत बाबांच्या धानाच्या बांधीचा, म्हणजे बांध घातलेल्या शेताचा, पन्नासच्या दशकातला मोजणीचा कागद सापडला. मोजणारे काका बाबांचे जिवलग होते. आमच्याकडेच जेवायचे.

बांधी तिकोनी. दोन बाजू काकांनी साखळीने मोजल्या, पाच आणि तीन साखळ्या. तिसरी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यालगत, गाळातली. ती त्यांनी मधला कोन घेऊन कोसाइनच्या नियमाने काढली.

कागदावर कोन एकशेवीस अंश आहे आणि तिसरी बाजू साडेचार साखळ्यांच्या आत. मी आज दोनदा करून पाहिलं. ती सात येते.

क्षेत्रफळाला तिसरी बाजू लागत नाही; ते बरोबर लिहिलं होतं, म्हणून बाबांनी अंगठा दिला. हद्दीचे दगड मात्र साडेचाराच्या आतच गाडले गेले. पाण्याच्या उरलेल्या काठावर पुढे काकांच्या साळ्याने धान लावला.

मोठी बाई, म्हणजे माझी बहीण, म्हणाली, "जाऊ दे भाऊ. चुकलं असन त्याईचं."

कोसाइनचा नियम मले काकांनीच शिकवला होता. कोन नव्वदच्या वर गेला की चिन्ह उलटते, हे विसरलो तर कान पिळायचे.

तुम्हीच सांगा, याले चूक म्हणू?