बायांच्या संडासाची चाबी

उमरेडचे माग बंद पडल्यावर आम्ही वाडीत एका खोलीत राहायला आलो. दादा हमालीला लागला. आई आणि वहिनी गोदामात फाटकी पोती शिवायच्या. गोदामात संडास एकच, त्याची चाबी सुपरवायझरच्या खिशात. "बाया घाण करतात," म्हणून तो द्यायचा नाही. त्यामुळे मे महिन्यातही बाया दिवसभर पाणी पीत नसत. आईला लघवीची जळजळ सुरू झाली.

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. त्याचा मला गर्व आहे, लपवत नाही. मी दोन पानांचा अर्ज लिहिला, कलमांसकट. अकरा बायांच्या सह्या, अंगठे घेतले. त्या दिवशी वहिनी माहेरी होती, तिची सही राहिली. सुपरवायझरने खालची नावं वाचली आणि आईसकट अकरा जणींना आठ दिवस दारातूनच परत पाठवलं.

तेवढ्यात वहिनी परतली. रोज दुपारी ती त्याच्या टेबलाशी जायची.

"साहेब, चाबी द्या."

"नाही."

"बरं." की परत पोत्यांवर.

मी चिडलो. "वहिनी, तुम्ही भीक काहून मागून राहिल्या?"

"भीक नाही जी भाऊजी. त्याले रोज माह्या तोंडाकडे पाहून नाही म्हणा लागते. तुमचा अर्ज त्यानं एकदाच वाचला."

एका दुपारी ट्रक उतरवून घेताना सुपरवायझरला ऊन लागलं, तो खाली बसला. वहिनीने त्याला सावलीत ओढलं, आपल्या भरल्या बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं, उरलेलं पाजलं. जरा हुशारी आल्यावर त्याने विचारलं, "तीन वाजले. तुही बाटली अजून भरलेली कशी होती?"

"पाणी पेलं तर जा लागते, साहेब. जाऊ कुठं?"

दुसऱ्या दिवशी चाबी बायांच्या बाजूच्या खिळ्याला लटकत होती.

संध्याकाळी सगळ्या बाया आमच्या खोलीत. माझ्या पदवीच्या फोटोखाली बसून वहिनीकडे पाहत होत्या. "कसं केलं वं?" मी म्हणालो, "तिनं काय केलं? उन्हानं केलं."

आई म्हणाली, "मंग बाबू, उन्हाले तूच काहून नाही सांगितलं? तुह्या अर्जानं तं आमाले घरी बसवलं."

सगळ्या हसल्या. एकटी वहिनी हसली नाही, त्याचाही मला राग आला. त्या रागात मनात आलं, तिची बाटली त्या दिवशी रिकामी असती तर बरं झालं असतं. म्हणजे तो माणूस मेला असता तरी चाललं असतं मला. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

पुढे वेगळ्या संडासाचा अर्ज वहिनीने सांगितला, मी लिहिला. तीन ओळींचा. खाली पहिली सही तिची, दुसरी सुपरवायझरची. माझी कुठेच नाही. अजून थोडं टोचतं.

आता तिथे बायांचा वेगळा संडास आहे. त्याला आतून कडी आहे, बाहेरून कुलूप नाही. आई दिवसाला दोन बाटल्या पाणी पिते.