श्वासावर नजर

अकोल्याचा घशाचा डॉक्टर म्हणाला, "बाई, ऑपरेशन करू, पण लगेच नाही." मला झोपेत श्वास अडकायचा आजार, अन् वरून पोटातलं आंबट घशापर्यंत चढायचं. घसा असा भाजलेला असताना टाळू कापून शिवली तर जखम नीट भरायची नाही, म्हणे. म्हणून आधी तीन महिने गोळ्या, ठेचा बंद, दिवे लागायच्या आत जेवण, अन् खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा.

आता खाट उचलायची एकानं अन् वीट सारायची दुसऱ्यानं. घरात मी एकटी. सकाळभर झटले, बोट चेंगरून घेतलं अन् तिथंच रडत बसले. शेवटी खाट पत्र्याच्या डब्यावर टेकवून विटा सारल्या.

मालक होते तेव्हा आम्ही बार्शीटाकळीजवळ आमचं शेत वाहायचो. त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. आज या गावात, उद्या त्या गावात कोणी औषध प्यायल्याचं कानावर यायचं. घरचा माणूस रात्री जागा दिसला की आम्ही बायका आधी फवारणीचा डबा लपवायचो. माझे मालक तर रात्र रात्र माझ्या खाटेशी बसलेले दिसायचे. मी पार धसकले.

"काहून जागे?" मी विचारलं.

"तू घोरतं वं. मधातच श्वास बंद पडते तुया, तासाले वीसेक बारी. मी हालवून देतो."

मी अन् घोरते? मला तो बहाणा वाटला, अन् रागही आला. दुसऱ्या दिवशी फवारणीचा डबा मी गुरांच्या ढेपेच्या पोत्यामागं दडवला. तो त्यांना सापडलाच.

"अवं, मी तुया श्वासावर नजर ठेवून राहिलो, अन् तू मायावर?" ते हसले. "राहू दे तिथंच. तुले झोप तं येईन."

पुढं काविळीनं गेले. मी घोरते हे त्यांच्यासमोर मी कधीच कबूल केलं नाही. माझा स्वभावच तसा.

तीन महिन्यांनी, ऑपरेशनच्या आधी, दवाखान्यात अंगाला वायरी लावून मला रात्रभर झोपवलं. सकाळी डॉक्टरनं तपासणीचा कागद हातात दिला अन् म्हणाला, श्वास तासाला बावीस वेळा थांबतो. मी तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. मालकांनी तर बिनामशीनचं मोजलं होतं.

ऑपरेशन झालं. कितीक दिवस गार दुधावर काढले, थुंकी गिळायचीही भीती वाटायची. महिन्यानं दाखवायला गेले तर डॉक्टरनं विचारलं, "घोरणं थांबलं का? घरचे काय म्हणतात?"

"एकटीच हाव जी."

"मग कोणाला तरी शेजारी झोपवून बघा."

मी बरं म्हटलं. घरी येऊन त्या उंच उशाच्या खाटेवर आडवी झाले अन् मोठ्यानं बोलले, "घोरत होती जी मी. तुमचं खरं होतं." आता थांबलं की नाही, ते सांगायला कोणी नाही.