सत्तावीस देशांची एकच वेस

वरवट बकालच्या धम्मशीलाचा राग अख्ख्या गावाला ठाऊक होता, पण त्या सकाळी ती जगावर आणि स्वतःवर सारखीच भडकली होती. बावीस बायकांचा तिचा मिरची गट. पाच वर्षं खपून तिनं प्रत्येकीचं शेत नोंदवलं, फवारणीच्या वह्या लिहायला लावल्या आणि वाळलेली लाल मिरची पहिल्यांदा युरोपला धाडली. ती नेदरलँड्सच्या बंदरावर अडली. तिथं चालत नाही असं औषध मिरचीत सापडलं.

"मग जर्मनीले पाठवा, इटलीले पाठवा," तिनं मुंबईचा निर्यातदार अविनाश याला फोनवर सुनावलं.

"ताई, ते सत्तावीस देश म्हणजे एक गट. नियम एक, वेस एक. एकानं माल अडवला की बाकीच्या सगळ्यांना खबर जाते."

धम्मशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाव पाडायला हे सत्तावीस तोंडांनी येतात, आणि हाकलताना यांचं तोंड एक. आणि आपण? एका तालुक्यातले दोन गट एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो.

"चूक कोणाची ते लेखी द्या," अविनाश म्हणाला. "ते शेत वगळलं तर बाकीच्यांचा पुढचा माल तपासून पाठवता येईल. नाहीतर तुमचा पूर्ण गट बाद."

चूक कोणाची, हे तिला पक्कं माहीत होतं. गावातून नवा माल पहिल्यांदा बाहेर निघाला, की वडीलधाऱ्यानं आपल्या शेताची ओंजळ त्यात टाकायची, ही इथली रीत. म्हाताऱ्या भगवंतरावांनी, गावाच्या आबांनी, ओंजळ टाकली आणि त्यांच्यामागं गटाबाहेरच्या अख्ख्या गल्लीनं त्यात सुपं रिकामी केली. कोणी काय फवारलं, कोण जाणे. धम्मशीला समोर उभी होती. आबांनी गटाला आपली शेड फुकट दिलेली, त्यांना अडवायला तिची जीभ रेटली नाही.

दुपारी शेडमध्ये बैठक बसली. भगवंतराव कोपऱ्यातून म्हणाले, "ओंजळभर मिरच्यानं काय होते व माय? प्रेमानं टाकली होती."

"आबा, तिथं प्रेम नाही मोजत, औषध मोजतात."

तिनं नियमांची वही शाहीनपुढं सरकवली. शाहीन गटाची सचिव. तिनं हळू आवाजात वाचलं, "जी बाहेरचा माल गटात घेईन, तिचं शेत गटातून बाद." अक्षर धम्मशीलाचंच होतं.

कोणी मान वर करेना. शाहीन पुटपुटली, "तुले कसं काढाव व? तुह्यामुळंच तर हा गट आहे."

"मी बी त्या दिवशी असीच गप्प बसली," धम्मशीला कडाडली. "आबाचा मान राखला अन् बावीस घरच्या मालाची माती केली. आता तुम्ही माह्या मानासाठी गप्प बसता? हात वर करा."

पहिला हात शाहीनचा वर गेला. मग एकेक करत एकवीस झाले. धम्मशीलानं ते मोजले आणि बाविसावा आपला वर केला.