बिट्टूची खातेनिहाय चौकशी

अंबरनाथच्या एका कारखान्यात अण्णा पर्सोनेल ऑफिसर होते. लोकांना घरी बसवायचं काम ते मन लावून करत. पुढे वयानं त्यांनाच घरी बसवलं, तेव्हा बदलापूरच्या फ्लॅटला कुलूप लावून ते सुहासिनीबाईंना घेऊन जवळच्याच सोनिवली गावात राहायला आले. दोन खोल्या, मागे अंगण, कडेला पेरू. अण्णांनी कोंबड्या आणल्या, दाण्यांवर उंदीर आले म्हणून मिनू नावाची मांजरी आणली. बिट्टू आधीपासून होता. हा टेरियर राजसीनं, त्यांच्या लेकीनं, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून आणलेला. दुकानदारानं खानदान शपथेवर सांगितलं होतं. कुत्र्याचा एक कान उभा होता, दुसरा आडवा. राजसी लग्न होऊन गेली, कुत्रा राहिला, आणि लेकीची सगळी माया सुहासिनीबाईंनी त्याच्यावर ओतली.

"मी युनियन आणि मॅनेजमेंट एका टेबलावर जेवायला बसवलीय," अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "ही तर जनावरं."

शिट्टी वाजली की तिन्ही जाती अंगणात हजर. बिट्टूनं कोंबडीकडे नुसतं पाहिलं तरी नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी बसे. आणि खरंच, महिन्याभरात कोंबड्या त्याच्या पाठीवरून चालायला लागल्या. तो डोळे मिटून पडून राही. अण्णा पाहुण्यांना हे दृश्य चहाबरोबर देत.

मग कोंबड्यांची पिल्लं कमी व्हायला लागली.

एका सकाळी खुराड्याबाहेर पिसं पडली होती आणि बिट्टूच्या तोंडाला रक्त होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी तेज आलं.

"खातेनिहाय चौकशी," ते म्हणाले. "तोपर्यंत निलंबित."

"अहो, त्याच्या तोंडाला माती पण आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "पिल्लं काय जमिनीत उगवतात?"

"बचावाची संधी मिळेल."

बिट्टूला पेरूला साखळीनं बांधलं. निलंबन काळात निम्माच भत्ता, म्हणून भाकरी निम्मी. सुहासिनीबाई पदराआडून उरलेली निम्मी नेऊन घालत, आणि अण्णा ते पाहूनही न पाहिल्यासारखं करत, कारण ऑफिसमध्येही ते तसंच करत. दुसऱ्या दिवशी आणखी एक पिल्लू गेलं.

"आता? तो तर बांधलेला आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

अण्णांनी खुराड्याभोवती एक फेरी मारली. "साथीदार असणार," ते म्हणाले, आणि मिनूला खोलीत कोंडलं.

शेजारच्या कौसाबाई कुंपणावर कोपर टेकून हे सगळं बघत होत्या. "सायेब, कुत्र्याला कनाला बांधलाव?"

"चौकशी चालू आहे."

"आमच्या ह्यांनापन कंपनीनं असाच बसवला व्हता, अर्ध्या पगारावर. पितल चोरला म्हनून." त्या खळखळून हसल्या. "हे घरी बसले नि पितल जातच रायला. कंपनीला वाटला, हे घरी बसूनच खातान!"

"कुठली कंपनी?" अण्णांनी विचारलं.

कौसाबाईंनी नाव सांगितलं. दुसरीच कंपनी निघाली. अण्णांनी सोडलेला श्वास कौसाबाईंनाही ऐकू गेला असावा. त्या दिवशी मात्र अण्णांना जेवण गेलं नाही. अर्ध्या पगारावर बसवलेल्यांची तोंडं आठवून पाहिली, तर एकही आठवेना; सह्या तेवढ्या आठवल्या.

तिसऱ्या दिवशी नवराबायको पायरीवर चहा पीत होते. लाकडांच्या ढिगाखालून मांजराएवढी एक घूस निघाली, अंगणातून सावकाश चालत आली, पिल्लू मानेत धरलं आणि आली तशी निघाली. बिट्टूनं साखळीला असा हिसडा दिला की पेरू हलला. अण्णांनी चप्पल फेकली. ती कोंबड्याला लागली.

सुहासिनीबाईंनी कप खाली ठेवला. "बघितलंत? तो घुशी मारत होता इतके दिवस. म्हणून रक्त, म्हणून माती. सोडा त्याला, आणि चुकलो म्हणा."

"सोडतो की. पुराव्याअभावी."

"चुकलो म्हणा. नाही तर त्याला घेऊन मी फ्लॅटवर जाते."

कुंपणावर कौसाबाई होत्याच. अण्णांना तो एक शब्द सहज म्हणता आला असता. पण एकदा चुकलो म्हटलं, की कुठपर्यंत मागे जावं लागेल, हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी घसा साफ केला. "सक्त ताकीद देऊन कामावर रुजू करून घेण्यात येत आहे."

सुहासिनीबाईंनी साखळी सोडली. मिनूला पिशवीत घातलं, बिट्टूला काखेत मारलं आणि रिक्षाला हात केला. अण्णांना वाटलं, संध्याकाळपर्यंत येईल. आठवड्यानं त्यांनी फोन केला.

"बिट्टूला पाठव. इथे फार नुकसान होतंय."

"विचारते हं." पलीकडे सुहासिनीबाईंनी बिट्टूला हाक मारली. मग, "नाही म्हणतोय. खाली वाण्याच्या गोदामात लागलाय तो. पूर्ण भाकरीवर."

"आणि तू?"

"मला कुठं कोणी विचारलंय अजून?" सुहासिनीबाई म्हणाल्या.

अण्णा विचारणारच होते. पण अंगणात कोंबड्या ओरडायला लागल्या, आणि फोन तसाच पायरीवर टाकून ते काठी घेऊन धावले.