हिरवी वायर मी कापली होती

आमची नात पाच दिवसांची होती, त्या दिवशीची ही गोष्ट… दोन हजार दोन-तीन साल असेल, वैशाख महिना. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला कातळावर आमचं घर.

लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नात झाली म्हणून मी इतकी हरखले होते की शेजारणीला दोनदा पेढे देऊन आले… एकदा दिलेले विसरूनच गेले. नातीचं नाक कोणावर गेलंय यावर आमचे हे आणि मी दिवसभर भांडायचो.

तोवर बाळ-बाळंतिणीची अंघोळ मागच्या खोलीत व्हायची, चुलीवरचं पाणी नेऊन. पण पाचवीच्या पूजेला हातखंब्याहून विहीणबाई आल्या आणि ह्यांना गिझर सुचला! न्हाणीत गिझर म्हणजे तेव्हा केवढी मोठी गोष्ट. सकाळीच आणला आणि दिलीप वायरमनला बोलावलं.

हा दिलीप अगदी मोजकं बोलणारा. चहा घेतला तरी कपाकडे बघत घेईल, माणसाकडे नाही… त्याने गिझर खोक्यातून काढलाच नाही. आधी एक बल्ब, त्याला दोन वायरी, असं काहीतरी काढून न्हाणीतल्या प्लगात घातलं. बल्ब पेटला नाही.

"काकी, अर्थिंग नाही तुमच्याकडे," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, लाइट तर सगळी चालू आहे!" मला वाटलं, अर्थिंग म्हणजे आणखी कसलं तरी बटण असेल. तो म्हणाला, करंट चुकून लोखंडात उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट लागते, ती वाट म्हणजे अर्थिंग. हिरवी वायर असते.

हिरवी वायर म्हटल्यावर मला माझा पडवळाचा मांडव आठवला…

तो न्हाणीच्या मागे गेला. मी मागोमाग, माझ्यामागे विहीणबाई. भिंतीतून वायरचं वीतभर टोक बाहेर लोंबत होतं. "ही कोणी कापली?"

मी म्हटलं, "उंदराने खाल्ली असेल."

"उंदीर कोयतीने खातो काय काकी?"

विहीणबाई फस्‌कन हसल्या. आता त्यांच्यासमोर कसं सांगू? पडवळाचा मांडव बांधायला मला मऊ तार हवी होती. ही तर भिंतीतून निघून जमिनीत जात होती, कशालाच लागत नव्हती. मी म्हटलं, फुकट पडून राहिलीय… आम्हा बायकांना काही फुकट गेलेलं बघवत नाही. वायरमनचं उरलंसुरलं असेल म्हणून कापली. पडवळ मात्र छान आला हो त्या वर्षी, हातहातभर.

दिलीप म्हणाला, "कालपरवा तुटली असेल तर जोडतो आणि गिझर लावून जातो. जुनी गोष्ट असेल तर एवढ्या दिवसांत कुठे करंट उतरलाय का, विहिरीवरचा पंप, पाइप सगळं तपासायला लागेल. कधीची आहे, तेवढं नक्की सांगा."

कालपरवाची म्हटलं असतं तर सुटले असते. जीभ वळलीसुद्धा होती… पण उद्या त्याच न्हाणीत पाय पसरून मी बसणार होते, पायावर नात घेऊन. "गेल्या आषाढातली आहे रे," म्हटलं, "मीच कापली."

दिलीपने पंप चालू करायला सांगितला आणि टेस्टर न्हाणीच्या नळाला लावला… टेस्टर लाल पेटला.

पंपाच्या आतली वायर खराब झाली होती म्हणे. पंपातून पाइपात, पाइपातून नळात करंट येत होता. "हाताला कधी काही जाणवलं नाही?" जाणवायचं तर! मुंग्या यायच्या. मी ते वाताचं समजून तेल चोळत होते.

"तुमच्या पायात स्लिपर असते म्हणून मुंग्यांवर भागलं," तो म्हणाला. "उद्या अनवाणी, ओल्या फरशीवर, पायावर बाळ…" सुमन दारात येऊन उभी होती, तिने बाळाला घट्ट धरलं.

आणि मला आमच्या गाईची पाडी आठवली, वर्षाची कालवड. भादव्यात न्हाणीमागच्या पाइपाला टेकून पाणी पीत होती आणि उभ्या उभ्या कोसळली. पंप चालू होता. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, पान लागलं. साप चावला म्हणायचं नाही ना आमच्यात. ह्यांनी कुंपणाचा दगडी गडगा उसकटून एक धामण शोधली आणि ठेचली… बिनविषारी जनावर ते.

पाडी सापाने मारली नव्हती.

दिलीपने पंपाचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला. "गिझर आज लागणार नाही. पंपही कोणी लावायचा नाही." मग दोन दिवस पहारीने कातळ फोडला. आधीच्या वायरमनने तर नुसती वायर दगडात खुपसून वर माती लोटली होती. दिलीपने खोल खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरलं, पंप दुरुस्तीला पाठवला. जाताना बजावलं, "काकी, उन्हाळ्यात ह्यात रोज पाणी घाला. कातळ सुकला की अर्थिंग मेलं."

बारसं विहिरीतून पोहऱ्याने शेंदलेल्या पाण्यावर झालं. मला वाटलं, विहीणबाई आता जन्मभर ऐकवणार. त्या पदर खोचून माझ्याबरोबर पाणी शेंदायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्यासमोर बोलायचं म्हणजे सोपं नव्हतं तुम्हाला."

आता ती नात कॉलेजात शिकते, हे मोबाइलवर लिहायला तिनेच शिकवलं. तुम्हीही कोणी माझ्यासारखं काही कापलं-तोडलं असेल तर वायरमनला खरं सांगा हो. लाज दोन दिवसांची असते… मला त्या दिवशी खरं बोलायची बुद्धी झाली, एवढ्यासाठी देवाला रोज हात जोडते.