रहाट बंद ठेवलेली सभा

आमच्या बागायतदार मंडळाचा एक नियम होता. अधिवेशनाच्या दोन दिवसांत सगळ्या सभासदांनी एकमेकांना 'बंधू' म्हणायचे. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण त्यापायी जावई सासऱ्याला 'या बंधू' म्हणे आणि सासरा दातओठ खात 'आलो बंधू' म्हणे. छातीवर पिवळी फीत टाचली की काका, मामा, मेहुणे सगळे एका पंक्तीला. अधिवेशन गास गावी भरले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मुंबई शाखेचा एकमेव प्रतिनिधी होतो. शाखेतल्या बाकी सर्वांच्या घरी नेमकी त्याच शनिवार-रविवारी लग्ने निघाली होती.

जन्माने मी अर्नाळ्याकडचा, पण पाचव्या वर्षीच शाळेसाठी गिरगावात मामाकडे गेलो. बागायतीतले मला इतकेच कळे की केळी लोंगराने येतात आणि पान वेलीला लागते. तरीही मंडळाने माझ्यावर एक ठराव सोपवला होता: सभासदांनी अडीअडचणीला एकमेकांच्या मदतीस धावून जावे. ठराव चार ओळींचा होता. त्यावर मी अकरा पानांचे भाषण लिहिले आणि मामाच्या गच्चीत महिनाभर घोकले. गच्चीत ते फार छान वाटे.

माझी उतरायची सोय सभेच्या मांडवाला लागून असलेल्या एका वाडीत झाली. तिथे दोघीच राहत: सगळे जिला काकी म्हणत ती विधवा बाई आणि तिची म्हातारी सासू. काकी पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. विहिरीवरचा रहाट, तो ओढणारा रेडा आणि मागचा पानवेलीचा मळा हा सगळा तिचा कारभार. तिने मला पितळी तांब्यातून पाणी दिले, केळीच्या पानावर जेवू घातले आणि नको नको म्हणताना तिसऱ्यांदा भात वाढला. नंतर चालता येईना, तेव्हा उद्याच्या भाषणाची आणखीच काळजी वाटू लागली.

कारण शनिवारच्या सभेत मी पाहिले होते. रहाट कुरकुरत होता. एकदा चढा सूर, एकदा उतरता, मध्ये लोट्यांतले पाणी पन्हळीत पडल्याचा आवाज. अध्यक्षांचे भाषण तिसऱ्या रांगेपलीकडे गेले नाही. त्यांचा आवाज तर घोड्याच्या खिंकाळण्यासारखा. माझा तेव्हा बारीक होता, आजही आहे. रविवारी सकाळी आठला पहिलाच ठराव माझा.

संध्याकाळी मी काकीला म्हटले, "काकी, सभा संपेपर्यंत रहाट बंद ठेवता येईल का? भाषणं ऐकू येत नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिले, मग मळ्याकडे पाहिले.

"अध्यक्षांनी सांगितलंय?"

मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. नुसती मान अशी हलवली की तिचा काहीही अर्थ लागावा.

"पावन्यांची सभा हाय," ती म्हणाली. "उद्या सभा उठेपर्यंत माझ्या रहाटाचा आवाज व्हायचा नाय. दिला शब्द." आणि तिने रेडा सोडला. मी खूश होऊन झोपलो.

सकाळी उठून पाहतो तर काकी कळशी कमरेवर घेऊन मळ्यात. एकेका वेलीच्या मुळाशी ओंजळ ओंजळ पाणी घालत होती. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला होता. अर्धा मळा अजून कोरडाच होता.

"नवी लावन हाय," ती म्हणाली. "काल सांजची येळ चुकली, आता सकालची. दुपारचं ऊन लागलं तर करपल."

चैत्र होता. सात वाजताच अंग भाजत होते. मी म्हणालो, "मग लावा ना रहाट! मी सांगतो ना!"

"शब्द दिलाय," एवढेच म्हणून ती पुढच्या वेलीकडे गेली. वर्षभराचे तिचे पोट त्या वेलींवर होते, हे मलाही कळले. तरी मी काय केले? घड्याळ पाहिले. माझा ठराव आठला, साडेआठला संपेल, मग अध्यक्षांना सांगून रहाट सुरू करता येईल. असा विचार करून मी फीत टाचली आणि मांडवात जाऊन बसलो. आजही ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

आठ वाजले. मांडवात कोणी नाही. सव्वाआठ झाले. मी व्यासपीठावर उभा राहून रिकाम्या सतरंज्यांना 'बंधूंनो' म्हणून पाहिले. आवाज छान पोचत होता. साडेआठला आचारी हात पुसत आला आणि मला पाहून चपापला.

"तुम्ही इथं काय करता? तुम्ही उतरलात त्या घरी मयत झालीय ना?"

माझ्या हातातली अकरा पाने खाली पडली. आचाऱ्याने मला समजावले. आपल्याकडे उन्हाळ्यात रहाट थांबतो तो एकाच कारणासाठी. घरात कोणी गेले की रेडा सोडतात. सकाळी आसपासच्या वाड्यांत राहिलेल्या बंधूंना रहाट ऐकू आला नाही, आणि सगळे समजून चुकले की म्हातारी गेली.

मी धावत सुटलो. काकीच्या अंगणात ऐंशीएक माणसे खांद्यावर उपरणी टाकून खाली मान घालून उभी होती. दोघांनी तिरडीसाठी बांबू आणले होते. एकाने मडकेसुद्धा. सर्वांत पुढे अध्यक्ष, डोळ्यांना रुमाल लावून. ओट्यावर म्हातारी मांडी घालून पेज पीत होती आणि मोठ्या उत्सुकतेने विचारत होती, "कोन गेला? अरे, कोन गेला?"

सांगायला कोणी धजेना. शेवटी एक बांबूवाला पुटपुटला, "रहाट बंद हाय म्हनून..."

म्हातारीला उलगडा झाला तशी ती इतकी हसली की पेज सांडली. "माझ्यासाठी एवढी मानसं! बसा, बसा. मी जायला येळ हाय."

लोकही हसले. पण अध्यक्ष हसले नाहीत. ते काकीकडे वळून म्हणाले, "मग रहाट का बंद? नवी लावण दिसतेय. वेल मारायचाय का?"

काकीने माझे नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. अंगणात सगळे चूप झाले. महिनाभर मला हवी होती तशी शांतता, ऐंशी माणसे आणि माझ्या बारीक आवाजाला अडवणारे काहीही नाही. मी म्हणालो, "मी सांगितलं. माझं भाषण ऐकू जावं म्हणून. अध्यक्षांनीच सांगितलंय असं काकींना वाटू दिलं."

शेवटच्या माणसापर्यंत ते नीट ऐकू गेले.

मला वाटले, आता मुंबई शाखा कायमची बंद. अध्यक्षांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "काकी, लावा रहाट."

"सभा उठली नाय," काकी म्हणाली.

तेव्हा म्हातारीने वाटी खाली ठेवली. "तिचा शब्द रहाटाचा हाय. हातांनी पानी काढायला कोनी बंदी केलीय? मयतीला आलात ना? मग रिकाम्या हातांनी जाऊ नका."

दहा मिनिटांत मांडवातली सगळी पातेली, घागरी, डाळीचे टोपसुद्धा विहिरीवर आले. ते मडकेही कामी आले. अध्यक्षांनी धोतराचा काचा मारला आणि पोहरा ओढायला उभे राहिले. विहिरीपासून मळ्याच्या टोकापर्यंत रांग लागली. सासरा जावयाच्या हातात घागर देई आणि "घ्या बंधू, सांडू नका" म्हणे. मला रांगेच्या शेवटी, वेलींपाशी उभे केले होते. मी पहिल्याच वेलीवर बदाबदा पाणी ओतले, तशी काकीने माझे मनगट धरले आणि ओंजळीने कसे घालायचे ते दाखवले. त्या दिवशी तिने मला केलेली शिक्षा ती एवढीच. ऊन चढेपर्यंत मळा भिजला. माझे भाषण मांडवातच पडले होते; आचाऱ्याने त्यातली चार पाने चूल पेटवायला घेतली, असे नंतर कळले. ठराव वेळेअभावी पुढच्या वर्षावर ढकलला.

पुढच्या वर्षी अधिवेशन दुसऱ्या गावी होते. मी पुन्हा मुंबई शाखेचा एकमेव प्रतिनिधी. गासच्या बंधूंनी माझ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेली पाने ठेवली. काकीने पाठवली होती, निरोपासह: दोन वाफे करपले, बाकीचे लागले, त्यातली ही. ती हिरवीगार पाने हातात धरून मी मांडवात सर्वांदेखत रडलो, आणि आजूबाजूच्या बंधूंनी न पाहिल्यासारखे केले.

माझा ठराव आला. तिथेही शेजारी रहाट होता आणि चांगलाच कुरकुरत होता. अध्यक्ष माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "थांबवायला सांगू का?"

"नको, चालू दे," मी म्हणालो आणि बेंबीच्या देठापासून ओरडून त्या चार ओळी वाचल्या. दुसऱ्या रांगेपलीकडे एक अक्षर गेले नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.