अप्पांसाठी बसवलेले बलून

पाठीचे मणके खचल्यापासून अप्पांना बसता येत नव्हतं. कुशीवर वळवायलाही दोघं लागायचे. अशात त्यांनी एकच हट्ट धरला, थोरल्या बहिणीला भेटायचं. ही माझी आत्या अळणावरजवळच्या खेड्यात राहायची. तिने अंथरूण धरलं होतं, दृष्टी पार गेली होती, आणि फोन लावला की ती एवढंच विचारायची, तम्मा कधी येणार. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अप्पांना ती तेच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, न्या, पण धक्का बसता कामा नये. धारवाडपुढच्या रस्त्याला हे कोणी सांगायचं?

अँब्युलन्सचं नावही अप्पा काढू देईनात. बहिणीच्या दारात त्या गाडीतून उतरलो तर गाव काय समजेल, म्हणाले. मग मी दुकानाच्या पिकअपचा मागचा भागच बांधून घेतला. पत्र्याची खोली, खिडकी, पंखा आणि बोल्ट मारून बसवलेली खाट. नातेवाइकांनी त्याला फिरतं माजघर म्हणून घेतलं. म्हणू देत. पण माल वाहायचे ते स्प्रिंगचे पाटे, माणसाची काय पत्रास ठेवणार? म्हणून नवनगरच्या मेकॅनिककडून मागचे काही पाटे कमी करून त्या जागी हवेचे बलून बसवून घ्यायचं ठरलं. हवा म्हणजे मऊ, एवढंच माझं शास्त्र.

आमच्या घरात गाडीचं नवं काम झालं की ती रिकामी घरी आणत नाहीत. आजोबांच्या बैलगाडीपासूनची रीत आहे. म्हणून अमरगोळच्या धान्याच्या यार्डात खाटेशेजारी ज्वारीची पोती भरली आणि गाडी तशीच नवनगरला नेली. मेकॅनिकने पोत्यांसकट काम केलं. ओझ्याने दबलेली मागची बाजू सरळ होईपर्यंत बलूनमध्ये हवा भरली. परत येताना बायको मुद्दाम खाटेवर आडवी झाली आणि घर येईपर्यंत तिला झोप लागली. मला केवढा आनंद झाला! अप्पांना जाऊन सांगितलं, पाळणा केलाय तुमच्यासाठी.

निघायच्या सकाळी आईला बसायला जागा हवी म्हणून पोती उतरवली. त्या पोत्यांच्या वजनाला भरलेली हवा तशीच आत आहे, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. धारवाडपर्यंतच्या गुळगुळीत हमरस्त्याने काही कळू दिलं नाही. केलगेरी ओलांडली, पहिला खड्डा आला आणि मागून आईची हाक आली.

मी मागे गेलो. अप्पांनी खाटेची दांडी धरली होती आणि डोळे मिटले होते. गाडीची मागची बाजू उंच झाली होती, बलून दगडासारखे लागत होते. मेकॅनिकला फोन केला तर तो मेहुण्याच्या लग्नात. मागे वाजंत्री चाललेली. 'स्वल्प हवा बिडरी,' एवढंच त्याचं ऐकू आलं. थोडी म्हणजे किती, हे वाजंत्रीत गेलं. वॉल्व्हमध्ये खिळा घालून मी हवा सोडली. जास्त सुटली. पुढच्या खड्ड्यात बलून चेपले आणि एक्सल खालून आपटला. पायपंपाने पुन्हा भरली. दोन्ही बलून एकाच नळीला जोडलेले, त्यामुळे गाडी रस्त्याच्या कडेला कलली की खालच्या बलूनमधली हवा वरच्यात जायची आणि खाट आणखीच तिरकी व्हायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी रस्त्यात उकिडवा बसून हवा सोडत होतो, भरत होतो, आणि मला रडायला येत होतं.

शेवटी अप्पांनीच थांबवलं. 'राहू दे आता,' म्हणाले, 'मला नाही सोसायचं.' आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

केलगेरीत माझी धाकटी बहीण राहते. गाडी अगदी हळू वळवून तिच्याकडे नेली. शेजारच्या चौघांनी अप्पांना गादीसकट उचलून आत ठेवलं. मी पाणी द्यायला वाकलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. 'अक्का वाट बघत असेल. तू जा. फोनवर लोक तुला अप्पा समजतात ना? मग मी आलोय म्हण.'

मला नाही म्हणायचं होतं. पण एवढ्या दिवसांत त्यांनी मागितलेली एकच गोष्ट मी देऊ शकलो नव्हतो, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? मी एकटा निघालो. गाडी रस्ताभर उडत राहिली. आता मागे कोणीच नव्हतं, तरी प्रत्येक खड्ड्याला माझा पाय ब्रेकवर जात होता.

आत्याच्या सुनेला दारातच सगळं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मला आत नेलं. मी खाटेजवळ बसलो.

'अक्का, मी आलो.'

'तम्मा?' तिचा हात चाचपडत माझ्या खांद्यावर आला. तिथून पाठीवर उतरला, वरपासून खालपर्यंत फिरला, पुन्हा वर आला. माझी पाठ भीतीने आणखीच ताठ झाली. आत्याचा चेहरा मात्र उजळला.

'मला काय काय सांगत होते रे हे लोक. तुझी पाठ तर सरळ आहे की.'

मी सुनेकडे बघितलं. ती खाली बघत होती.

'बरी झाली, अक्का.'

'मग काय,' आत्या म्हणाली, 'आता दर आठवड्याला येत जा.'